सणांची चित्रपुस्तकं, शनिवारची सतरंजी : प्रकल्प नोंदी

ठिकाण : ठाणे पूर्व, वाचनालयाचा बालविभाग. वयोगट : ३ ते ६. वेळ : दर शनिवारी संध्याकाळी ५ ते पावणेसहा.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

बालविभागाची दोन्ही कपाटं रिकामी करून सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडली. समितीने काम दिलंय ते असं : गोष्टीच्या तासात सगळ्यांच्या घरचे सण आणायचे, आणि ते चित्रपुस्तकांतून आणायचे.

सणांची म्हणून जी पुस्तकं निघाली त्यांचे तीन ढीग झाले. पहिला माहितीचा. "दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. या दिवशी आपण सर्वजण लवकर उठतो..." अशी सुरुवात असलेला. दुसरा देवादिकांच्या कथांचा : राक्षस, वर, शाप, वध. तिसऱ्या ढिगात एखादं मूल आहे आणि त्याला काहीतरी हवंय. लाडवांच्या डब्यापर्यंत हात पोचत नाही, नवा फ्रॉक टोचतोय, मामा अजून आला नाही. हा तिसरा ढीग एका हातात मावला.

माझी चाळणी ठरली. "आपण सर्वजण" असं म्हणणारं पुस्तक शनिवारी नको. तो निबंध आहे, मग त्यात चित्रं कितीही असोत. चार वर्षांच्या मुलाला सणाचं महत्त्व कळत नाही, हट्ट मात्र पक्का कळतो. सणात एखादं मूल सापडलं की सण आपोआप कळतो, त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

तिसऱ्या ढिगातही जवळजवळ सगळी दिवाळी आणि गणपती. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, चेटीचंड (सिंधी नववर्ष), नारळी पौर्णिमा यांचं हाताला फारसं काही लागलं नाही. ही आमच्या कपाटाची गोष्ट. बाजारात काय आहे ते पुढच्या आठवड्यात बघायचं.

१४ फेब्रुवारी

खरेदीची यादी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आणि चित्रं चांगली. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं पातळ, वाक्यं छोटी, ३-४ वर्षांच्या मुलांना बरोबर बसतात. चेन्नईच्या तूलिकाची द्विभाषिक पुस्तकं आहेत, एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी. ती वेगळ्या कारणासाठी हवीत, ते पुढे लिहीन.

अडचण एकच, आकार. पिन मारलेलं तळहाताएवढं पुस्तक आईच्या मांडीवर छान, पण सतरंजीच्या तिसऱ्या ओळीतून त्यातली मांजर उंदराएवढी दिसते. त्यावर एक रस्ता आहे. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत : लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं ठेवून आपण त्या छापू शकतो, भाषांतरही करू शकतो. तेव्हा निवडक गोष्टी ए-३ कागदावर छापून स्पायरल करून घेणार. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने जाड कागदाचा भाव सांगितला, तो ऐकून खजिनदारकाकांनी चष्मा काढून पुसला. पण हो म्हणाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहिला तास. येत्या गुरुवारी, २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांची कविता मुलांकडून पाठ करून घ्यावी अशी एक सूचना होती. तीन वर्षांच्या मुलाकडून कविता पाठ करून घेता येते, पण त्यात आनंद पालकांचाच असतो. त्याऐवजी झोपण्याच्या गोष्टीचं पुस्तक घेतलं आणि विचारलं, "तुला झोपवताना घरी काय म्हणतात?" अंगाई निघाली. सिंधी आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, त्यांनी लोली, म्हणजे सिंधी अंगाई, म्हटली. एक बाबा म्हणाले, आमच्याकडे मोबाईल लावतात. सगळे हसले, पण त्यांच्या मुलाने त्या मोबाईलमधलं गाणं अख्खं म्हणून दाखवलं.

जे नव्याने मदतीला येतील त्यांच्यासाठी : पुस्तक छातीसमोर धरायचं नाही. उजव्या खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचं आणि पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं. वरून उलटलं की हात चित्रावर येतो. मजकूर आदल्या रात्री दोनदा मोठ्याने वाचून यायचं, म्हणजे वाचताना नजर मुलांवर राहते. मुखपृष्ठ दाखवायचं, लेखक आणि चित्रकार दोघांची नावं सांगायची, मलपृष्ठही दाखवायचं. गोष्ट पुष्कळदा तिथे संपते.

पालक मागे बसून कुजबुजतात, "सांग ना, कोण आहे तो? कुत्रा ना? भू-भू ना?" मूल उत्तर देण्याआधी उत्तर त्याच्या तोंडात. पुढच्या वेळी त्यांनाच कामाला लावायचं.

१ मार्च, शनिवार

पालकांशी दहा मिनिटं बोलले. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लहान मुलांना वाचून दाखवण्याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत सोपी आहे : विचारा, मूल म्हणेल ते ऐका, त्यात एक-दोन शब्द घाला, आणि मुलाला तेवढं परत म्हणू द्या. मूल म्हणालं "गाडी", तर आपण म्हणायचं "हो, लाल गाडी, चिखलात अडकली." असं वाचलेल्या मुलांचं बोलणं नुसतं ऐकलेल्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचं त्यांना दिसलं.

एका आईने विचारलं, "मग गोष्ट कधी पूर्ण होणार?" योग्य प्रश्न. पहिल्यांदा वाचताना थांबायचं नाही, गोष्ट पुरी होऊ द्यायची. विचारायचं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. आणि मुलं तेच पुस्तक दहा वेळा आणतातच, तेव्हा संधी भरपूर.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. कानामागे गुलाबी, नखांत हिरवं, एकाचे केस जांभळे. होळीचं पुस्तक काढलंच नाही. सण मुलांच्या अंगावरच होता. रंग मिसळण्याचं पुस्तक वाचलं आणि प्रत्येकाने स्वतःच्या अंगावरचा उरलेला रंग शोधला. ज्यांना रंग आवडत नाही तेही बोलले. एक मुलगी दिवसभर पलंगाखाली बसली होती म्हणे. तिला तिच्यासारखी अजून एक सापडली, तासभर दोघी चिकटून.

सणात न रमणारं मूल. यादीत पुस्तकांच्या शोधासाठी हा एक कप्पा वाढवला.

२० मार्च

महिनाअखेरीची आखणी. ३० तारखेला, रविवारी पाडवा. त्याच सुमारास आमच्या कोपरीतल्या सिंधी घरांचा चेटीचंड. आणि ईद ३१ ला किंवा १ एप्रिलला, चंद्र दिसेल तशी. म्हणजे २९ चा शनिवार तिघांच्या तोंडावर.

समितीत विषय निघाला की वाचनालयात गुढी उभारू, फोटोही चांगला येईल. मी नको म्हटलं. गुढी उभारली तर चेटीचंडची ज्योत, ईदचं काहीतरी हेही मांडायला हवं, आणि मग तो गोष्टीचा तास राहत नाही, प्रदर्शन होतं. पूजा-आरती ज्याच्या त्याच्या घरी. इथे पुस्तक आणि माणूस. ग्रंथपालमॅडमनी पाठिंबा दिला, वाद वाढला नाही.

दुसरा निर्णय : खाऊ नाही. शीरखुर्म्यात सुकामेवा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाचा उपास, आणि गुळाला येणाऱ्या मुंग्या नंतर पुस्तकांच्या पुठ्ठ्यात घर करतात. पदार्थ फक्त चित्रात. मुलांना हा नियम मुळीच आवडलेला नाही.

तयारी : तिन्ही सणांत चंद्र आहे, म्हणून चंद्राचंच पुस्तक करायचं ठरवलं. काळी कार्डशीट, त्यावर चिकटवलेला चंद्र पानागणिक बारीक होत जातो, मग एक अख्खं काळं पान, आणि पुढच्या पानावर नखाएवढी कोर. शब्द जवळजवळ नाहीतच.

२९ मार्च, शनिवार

आज अमावास्या. म्हणजे माझ्या पुस्तकातलं काळं पान आजचंच.

पुस्तक उघडलं आणि चंद्र बारीक व्हायला लागला तशी मुलं पुढे सरकली. काळ्या पानावर मी काहीच बोलले नाही. "लाईट गेले," एकजण म्हणाला. "चंद्राला कुणी खाल्लं," दुसरी. मग कोर आली तेव्हा हुश्श झालं सगळ्यांना.

त्यानंतर तीन माणसं, तिघांना प्रत्येकी पाच मिनिटं. त्यांना आधी एवढंच सांगितलं होतं की सणाची माहिती सांगू नका, तुमच्या घरी उद्या सकाळी काय काय होणार तेवढं सांगा.

पाडव्याच्या आजोबांनी सांगितलं की त्यांची गुढी खिडकीच्या ग्रिलमधून तिरकी काढावी लागते, कारण बिल्डिंगमध्ये गॅलरीच नाही, आणि तांब्या पडू नये म्हणून दर वर्षी सुतळीने बांधतात. एका वर्षी तो खाली वॉचमनच्या खुर्चीत पडला होता. वॉचमन तेव्हा चहाला गेला होता. मुलांना हे तीनदा ऐकायचं होतं.

सिंधी आजोबांनी त्यांच्या दैवताचं, झुलेलालचं चित्र आणलं. पांढऱ्या दाढीचे, माशावर बसलेले. कोळीवाड्यातून येणारा पाच वर्षांचा मुलगा ताडकन उठला. "मासा कुठला?" आजोबा खूश. पल्लो, म्हणाले, सिंधू नदीतला. मग पल्लो केवढा असतो, काटे किती, यावर दोघांचं असं काही जुळलं की बाकीचा वर्ग बघत राहिला. आजोबांचा जन्म फाळणीनंतरचा; ती नदी त्यांनी स्वतः पाहिलेली नाही, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, मुलांना नाही.

राबोडीहून येणाऱ्या आईने मात्र सगळ्यात मोठा धक्का दिला. "ईद कधी?" म्हटल्यावर ती म्हणाली, "माहीत नाही. उद्या चांद दिसला तर परवा. नाही दिसला तर तेरवा." मुलांचा विश्वासच बसेना. सण कधी हे मोठ्यांना माहीत नाही! कॅलेंडरमध्ये बघ ना, एकीने सुचवलं. "कॅलेंडरवाल्यालाही चांद बघावा लागतो," ती म्हणाली. शेवटी सगळ्यांचं ठरलं की उद्या संध्याकाळी आपापल्या खिडकीतून पश्चिमेला बघायचं. पश्चिम म्हणजे कुठे? स्टेशनकडे, असं मी सांगितलं. ठाणे पूर्वेत राहण्याचा एक फायदा.

वेळ संपूनही पंधरा मिनिटं झाली होती. पुस्तक एकच झालं, ठरवलेली बाकी दोन राहिली. चालेल.

१ एप्रिल

रविवारी चंद्र दिसला, काल ईद झाली. पालकांच्या ग्रुपवर अंधाराचे फोटो आले आहेत, त्यात एक पांढरा ठिपका. दोन ठिकाणी तो पथदिव्याचा आहे. आमच्या ग्रुपचा नियम असा की मुलांचे चेहरे टाकायचे नाहीत. चंद्राला हरकत नाही.

एका बाबांनी विचारलं की पाडवा आणि ईद दर वर्षी अशी शेजारी येतात का. नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावरच चालतात आणि चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ती तूट भरतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ आहे. म्हणून पाडवा चैत्री उन्हातच येतो. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दर वर्षी १०-११ दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते. हे आमच्या नियोजनालाही लागू : ईदचा तास "मार्चमध्ये" असं कायमचं लिहून ठेवायचं नाही.

५ एप्रिल, शनिवार

२ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन. हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्म १८०५ चा, त्याच तारखेचा. फलकावर लिहिलं. मुलांना त्याचं काही नव्हतं, त्यांना चंद्राचं पुस्तक परत हवं होतं. परत वाचलं. कोर आल्यावर या वेळी टाळ्या.

१२ एप्रिल, शनिवार

परवा १४ एप्रिल. बाबासाहेबांवरची मुलांची पुस्तकं सगळी चरित्रं; जन्म, शाळा, पदव्या, राज्यघटना. सहा वर्षांखालच्यांना ती पेलत नाहीत. मी एकच धागा घेतला : एका माणसाकडे इतकी पुस्तकं झाली की त्याने ती ठेवायला घर बांधलं. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहाचा फोटो दाखवला. "आमच्या घरात टीव्ही ठेवायला पण जागा नाही," एकजण. मग प्रत्येकाने आपल्या पुस्तकांसाठी घर काढलं. एकाला दार नव्हतं. का, विचारलं तर म्हणाला, कुणीपण यावं म्हणून.

ज्या मुलीकडे जयंती असते तिला विचारलं तुमच्याकडे काय करतात. पांढरा ड्रेस, मेणबत्ती, निळा झेंडा, आणि रात्री डीजे. आवाज कानात दुखतो का? "छातीत वाजतो." हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

अमेरिकेतल्या ग्रंथालयांत ३० एप्रिलला "दिया" नावाचा उत्सव होतो. दिया म्हणजे स्पॅनिशमध्ये दिवस. मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन. त्याला पुस्तकांची जोड देऊन पॅट मोरा या लेखिकेने १९९६ मध्ये ही कल्पना मांडली. गाभा एवढाच की घरी कुठलीही भाषा बोलणाऱ्या मुलाला तिच्यासकट वाचनालयात यावंसं वाटलं पाहिजे. तो दिवस इथे साजरा करायचं कारण नाही. मेक्सिकोचा बालदिन मेक्सिकोत आणि तिथून गेलेल्यांच्या मोहल्ल्यांत शोभतो, आणि आपल्याकडे १४ नोव्हेंबर आहेच. पण एक गोष्ट उचलली : दोन भाषांत वाचन.

तूलिकाची पुस्तकं इथे कामी आली, जरी त्यातली इंग्रजी मी वापरली नाही. मी मराठी वाचायचं, मग पान न उलटता एक आई तेच हिंदीत, सिंधी आजी सिंधीत. अट अशी की शब्दशः करायचं नाही, चित्र बघून आपल्या मनाने सांगायचं. सिंधीतली म्हैस मराठीतल्या म्हशीपेक्षा जास्त रागावली होती. तिसऱ्या पानापासून मुलं आधीच दोन्हीकडचे शब्द ओरडायला लागली.

चार पानांपलीकडे हे ताणू नये. पाचव्याला चुळबुळ सुरू होते.

१० मे, शनिवार

सुट्टीत मोठी भावंडंही येतात, म्हणून आज पुस्तक करायचा दिवस. एका कागदाचं आठ पानी पुस्तक : कागद तीनदा दुमडायचा, उलगडायचा, मधल्या दोन घड्यांपुरता एकच काप द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी आत ढकलायचा. पिन नाही, गोंद नाही. ए-४ चं फार चिमुकलं होतं, ए-३ घ्यावा. कार्डशीट नको, तिसरी घडी बसत नाही. काप मोठ्यांनीच द्यायचा.

छापील चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची का असतात, हेही मोठ्या भावंडांना अशाच घड्यांनी दाखवता आलं. एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापून दुमडला की १६ पानं. असे दोन फर्मे म्हणजे ३२. एका सातवीतल्या ताईने लगेच घरातलं पुस्तक मोजायचं ठरवलं.

विषय : "आमच्याकडे." सणाचं नाव लिहायची सक्ती नाही. सोमवारी, १२ तारखेला बुद्धपौर्णिमा, तर एकाने पाच पानं नुसती खीर काढली आणि सहाव्यावर रिकामं पातेलं. याहून चांगली कथा मी या महिन्यात वाचलेली नाही.

३१ मे, शनिवार

पाऊस यंदा कुणाचं ऐकत नाही. २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला, एरवी ११ जूनच्या आसपास येतो. खिडकीशेजारच्या कपाटात ओल. खालचा खण रिकामा केला, नॅप्थलीनच्या गोळ्या काढून टाकल्या (मुलं तोंडात घालतात), त्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला. पुस्तकं पंख्याखाली उभी उघडून ठेवली. आज सहाच मुलं, सगळी रेनकोटात.

७ जून, शनिवार

बकरी ईद. वाचनालयाला सुट्टी.

२१ जून, शनिवार

सोमवारी शाळा सुरू झाल्या. मुलं पेंगत येतात. तासाची रचना बदलली : मोठं पुस्तक आधी, मग हातापायांचं गाणं, मग हलकंसं शेवटी. उलटं केलं तर मोठ्या पुस्तकाच्या वेळी निम्मी आडवी.

कपाटाची मांडणीही आज ठरली. "सण" असा वेगळा खण करावा, लाल चिठ्ठी लावावी, असं एक मत होतं. दिसायला नीटनेटकं. पण मग ईदचं पुस्तक वर्षातून एकदाच बाहेर निघेल आणि उरलेला काळ धूळ खाईल. ती पुस्तकं नेहमीच्या खणांतच राहणार : मांजरांची, आजीची, पावसाची, भांडणाची. टोचणाऱ्या नव्या फ्रॉकचं पुस्तक दिवाळीचं नाहीच मुळी, ते फ्रॉकचं आहे. ऑगस्टात कुणी नेलं तर न्यावं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी एकादशी. आज शाळाशाळांत दिंड्या होत्या आणि बरीच मुलं थेट तिथूनच आली. सतरंजीवर एक विठोबा, चार रखुमाया, वारकरी किती ते विचारू नका. विठोबा कमरेवरचे हात काढायला तयार नाही, त्यामुळे त्याला बसता येईना. एका रखुमाईचं नऊवारी शिवलेलं होतं ते बरं, दुसरीचं नेसवलेलं होतं, ते सुटलं. मिशा घामाने ओघळत गालांवर. पोशाखात आलेल्या मुलाला गोष्ट ऐकू येत नाही, त्याचं अर्धं लक्ष स्वतःकडे असतं. पुढच्या वर्षी हा तास आधीच्या शनिवारी.

पण वारीला जाऊन आलेले एक आजोबा होते, त्यांनी तास सावरला. त्यांनी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू काढली : पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा मोठा कागद, टाळ, पायाला लावायचं तेल, एक जुनी चादर. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रोज चालायचं. "पाऊस आला की?" प्लॅस्टिक पांघरायचं. "झोपायचं कुठे?" तंबूत, देवळात, शाळेत. शाळेत झोपतात याचं मुलांना भारी कौतुक. बाकावर की खाली, हे विचारून घेतलं. "शू कुठे करायची?" आजोबांनी तेही सांगितलं, न लाजता. विठोबाचं नाव घेऊन कुणी काही शिकवलं नाही आणि वारी मात्र मुलांपर्यंत बरोबर पोचली.

टाळ प्रत्येकाच्या हातात दिला. शेजारच्या अभ्यासिकेतून स्पर्धा परीक्षेची पोरं तक्रार घेऊन आली, मग तीच दारात उभी राहून बघत होती.

२ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमेचं पुस्तक मिळत नव्हतं तेव्हा करायला घेतलं. चेंदणी कोळीवाड्यातल्या आजी, म्हणजे मार्चमध्ये माशाची जात विचारणाऱ्या मुलाची आजी, सांगायच्या आणि मी लिहायची. चित्रं मुलांची. नातू काढतो त्या होड्यांना डोळे असतात, तसेच ठेवले.

आजींनी सुरुवातीलाच सांगितलं की आपल्या बोलीत सांगणार, पुस्तकी नाही. मी लिहून घेतलं तसंच ठेवलं आहे. समितीतल्या एकांनी विचारलं, मुलांना कळेल का? कळतं. "दर्या" कळायला अडचण आली नाही, "समुद्र" म्हटल्यावर एकजण म्हणाला होता, तो सिनेमातला?

पुस्तकाचा नायक सण नाही. एक मुलगा दोन महिने होडी किनाऱ्यावर पडलेली बघतोय आणि कंटाळलाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. समुद्र खवळलेला आणि माशांच्या विणीचा काळ. जाळी विणून झाली, होडी रंगवून झाली. कधी जायचं? नारळ दिल्यावर. नारळ कधी द्यायचा? पौर्णिमेला. पौर्णिमा कधी? पुढची पानं चंद्राची, मार्चच्या पुस्तकातली काळी कार्डशीट उरली होती ती इथे लागली.

९ ऑगस्ट, शनिवार

काल नारळी पौर्णिमा झाली, आज राखी, म्हणून तास सकाळी साडेनऊला. तरी गर्दी.

आजी पिवळं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आल्या. पुस्तक मी धरलं, सांगितलं त्यांनी. त्यांना पानं उलटायची सवय नाही, मला त्यांच्या थांब्यांची नाही; दोनदा मी पुढे गेले आणि त्यांनी माझा हात धरून पान मागे घेतलं. मुलांना वाटलं हे गोष्टीतच आहे.

सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातोहात फिरला. एकीने तो कानाला लावून पाणी ऐकलं, मग रांगच लागली. सिंधी आजोबांच्या नातीने विचारलं, "तुमच्या दर्यात माशावर बसलेले आजोबा आहेत?" आजींनी जरा विचार केला. असतील, म्हणाल्या, आम्ही होडीत असतो, ते खालून जात असतील. नातीचं समाधान झालं. सिंधी आजोबांचंही.

ज्या मुलीला भाऊ नाही तिने राखी मैत्रिणीला बांधली. ती मैत्रीण म्हणजे धुळवडीला पलंगाखाली बसणारी दुसरी.

तासानंतर पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायला दिलं. मॅडमनी पेन उचललं आणि थांबल्या. लेखक? आजी. चित्रकार? सात नावं, एकाचं फक्त "मी" असं लिहिलेलं. प्रकाशक नाही, साल आहे, पानं १६. किंमत? किंमत नसेल तर हरवल्यावर भरपाई काय घ्यायची, हा त्यांचा रास्त प्रश्न. शेवटी किमतीच्या रकान्यात "भेट" लिहिलं आणि शेऱ्यात : हरवल्यास पालकांनी आजींकडून ऐकून पुन्हा तयार करून द्यावे. मागचं चंद्राचं पुस्तकही याच नियमाने आज दाखल झालं. दोन्ही घरी नेता येतील, सात दिवसांसाठी. नारळाच्या पुस्तकासाठी आताच पाच नावं आहेत.

पुढचा शनिवार १६ तारखेचा, दहीहंडी. दुपारनंतर ठाण्यात रस्ते बंद आणि आवाजात काही ऐकू येणार नाही. तास रद्द, फलक लावला. २३ साठी पिठोरी-पोळ्याचं काही मिळतंय का बघायचं, बैल न पाहिलेल्या मुलांना चालेल असं. ए-३ कागद संपले आहेत. गणपतीच्या आधी स्पायरलवाल्याचं बिल द्यायचं राहिलंय.